डोळ्यामागे दाब, कपाळ जड, मान आखडलेली: हे नक्की सायनसच आहे का?

शांतवेळ | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितेच.

गेली सात वर्षं मी सगळ्यांना 'मला सायनस आहे' असं सांगत आले. महिन्यातून दोन-तीनदा एकच ठरलेलं दुखणं येतं. आदल्या संध्याकाळी मान आखडते, उजवीकडे, कवटी आणि मान जिथे मिळतात तिथे. बोटाने दाबलं तर कळ थेट डोळ्यापर्यंत जाते. उशी चुकली असेल म्हणून मी झोपते. पहाटे जाग येते तेव्हा उजव्या भुवईखाली कोणीतरी अंगठा रोवून बसलंय असं वाटतं. गाल जड, डोळ्यामागे दाब, नाकाची उजवी बाजू चोंदलेली आणि त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी. वाकलं की ठणका दुप्पट होतो. बेसिनवर चूळ भरतानाही एका हाताने कपाळ धरून ठेवावं लागतं.

वाफ घेतली, नाकात थेंब टाकले, सर्दीच्या गोळ्या खाल्ल्या. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. प्रत्येक वेळी दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून सायनसच असणार असं धरून चालले.

मागच्या महिन्यात ऐन दुखण्यात सायनसचा सीटी स्कॅन केला. सायनस पूर्ण स्वच्छ. रिपोर्ट हातात घेऊन मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला रडूच आलं. सायनस नाही, तर मग सात वर्षं दुखतंय ते काय? आणि मानेचा याच्याशी संबंध काय? असं कोणाला झालं आहे का?

कोरा_कागद | सोमवार, रात्री ११.१५

तुमची पोस्ट दोनदा वाचली. भुवईखालचा तो अंगठा मला चांगला ओळखीचा आहे. मी त्याला अकरा वर्षं सायनस म्हणत होतो, ती निघाली अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन.

तुमचं तेच असेल असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पण मला जे प्रश्न विचारले गेले ते तुम्हाला विचारतो. दुखताना उजेड नकोसा होतो का? मळमळतं का? जिना चढला की ठणका वाढतो का? दुखणं सुरू होण्याच्या काही तास आधी जांभयांवर जांभया येतात का, चिडचिड होते का? आणि नाकातून येतं ते घट्ट, पिवळट असतं की पाण्यासारखं?

शांतवेळ | मंगळवार, सकाळी ७.०५

उजेड अजिबात सहन होत नाही. मी पडदे ओढून पडते, मोबाईलही उलटा ठेवते. मळमळतं, उलटी क्वचित होते. ते रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांमुळे असेल असं वाटायचं. नाकातून येतं ते अगदी पाणी. जांभयांकडे कधी लक्षच दिलं नाही, पण आता आठवतंय, मागच्या वेळी घरातल्यांनी विचारलं होतं की झोप झाली नाही का, इतक्या जांभया का देतेस. दुसऱ्या दिवशी दुखणं आलंच.

मायग्रेन असेल तर नाक का चोंदतं, हे मात्र कळत नाही.

नासिका | मंगळवार, दुपारी २.३०

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण हा गोंधळ रोज पाहते, म्हणून सविस्तर लिहिते.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. कपाळात, गालांत, दोन्ही डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या अगदी मागे खोलवर अशा चार जोड्या. त्या सगळ्यांना असतात, त्यामुळे 'मला सायनस आहे' या वाक्याचा खरं तर काहीच अर्थ होत नाही. त्यांना सूज आली की तो सायनुसायटिस. त्यात नाक दोन्हीकडून किंवा एकीकडून बंद असतं, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड पुढून येतो किंवा घशात उतरतो, वास येईनासा होतो, कधी ताप असतो. हे बहुतेक वेळा साध्या सर्दीतून, विषाणूमुळे होतं आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतं. जिवाणूंचा संसर्ग आम्ही कधी धरतो? दहा दिवस उलटले तरी काही उतार नाही, किंवा सर्दी बरी होत आली आणि पुन्हा उसळली, किंवा सुरुवातीपासूनच ३९ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, पिवळा स्राव आणि चेहऱ्यात दुखणं असं सलग तीन-चार दिवस चाललं, तर. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक देत नाहीत. रंग येतो तो पांढऱ्या पेशींमुळे, विषाणूच्या सर्दीतही येतो.

आता नाकाबद्दल. चेहऱ्याची, सायनसच्या अस्तराची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना एकाच नसेतून (मज्जातंतूतून) जाते, तिचं नाव ट्रायजेमिनल. मायग्रेनमध्ये ही नस चेतते. तिच्या चेतण्याला प्रतिसाद म्हणून मेंदूच्या बुंध्यातून उलट निरोप सुटतो आणि तो नाकाच्या व डोळ्यांच्या ग्रंथींना, रक्तवाहिन्यांना जागं करतो. नाकाचं अस्तर फुगतं, पाणी वाहतं, डोळा भरतो, कधी पापणीही सुजते. संसर्ग कुठेच नसतो. जिथे दुखतं तिथेच बिघाड असतो ही समजूत या आजारात हमखास फसवते.

२००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणारे, किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले जवळपास ३,००० लोक त्यात तपासले गेले. त्यांतल्या ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या निकषांत बसलं. ताप आणि पिवळा स्राव असलेल्यांना आधीच वगळलं होतं, हेही लक्षात घ्या.

अँटिबायोटिकने दोन दिवसांत बरं वाटलं, त्याबद्दल. मायग्रेनचा झटका औषध न घेताही ४ ते ७२ तासांत संपतो. दुसऱ्या दिवशी कोर्स सुरू केला की तिसऱ्या दिवशीचं श्रेय गोळीला जातं. माझ्याकडे असे कोर्स पाच-सहा वेळा घेऊन आलेले लोक येतात, मला फार वाईट वाटतं.

वळणवाट | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

डॉक्टरांच्या अनुभवाचा मान राखून, पण कळकळीने सांगतो, आता प्रत्येकाला मायग्रेन म्हणू नका. माझं उलटं झालं. तणाव आहे, मायग्रेन आहे, असं आठ महिने ऐकलं. डाव्या गालात सतत जडपणा, नाकात एकाच बाजूने घाण वास, सकाळी घशात घट्ट काहीतरी उतरलेलं. उजेडाचा त्रास शून्य, मळमळ शून्य. शेवटी दंतवैद्याने एक्स-रे काढला. वरच्या दाढेच्या मुळाशी पू होता आणि तो सरळ गालाच्या सायनसमध्ये जात होता. मुळाचा इलाज झाला, सायनस साफ केला, दुखणं गेलं.

नासिका | मंगळवार, रात्री ९.१०

@वळणवाट, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि इथे ते यायलाच हवं होतं. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला लागून असतात, कधी मधलं हाड कागदाइतकं पातळ असतं. एकाच बाजूचा स्राव आणि दुर्गंधी म्हटलं की दात तपासायचेच. एकाच बाजूने सतत नाक बंद राहत असेल किंवा रक्त येत असेल तर दुर्बिणीनेही पाहावं लागतं. नाकामागच्या खोल सायनसला सूज आली तर दुखणं डोक्याच्या माथ्यावर किंवा मागेही जाणवतं आणि नाक त्या मानाने मोकळं असतं. असे रुग्ण खरोखर निसटतात.

सीटीची दुसरी बाजूही सांगते. काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या स्कॅनमध्येही अस्तर थोडं जाड दिसू शकतं. 'थोडी सूज आहे' एवढ्या एका ओळीवर ऑपरेशनचा विचार करू नका. नाकाचं हाड थोडं वाकडं तर कितीतरी जणांचं असतं. शांतवेळ यांचा स्कॅन ऐन दुखण्यात काढलेला आणि स्वच्छ आहे, म्हणून त्याला वजन आहे.

कोरा_कागद | मंगळवार, रात्री ९.४०

२००३ पासून डॉक्टर एक तीन प्रश्नांची छोटी चाचणी वापरतात, ती मला माझ्या डॉक्टरांनी समजावली होती. डोकेदुखीसोबत मळमळ होते का, उजेडाचा त्रास होतो का, आणि गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीने निदान एक दिवस तरी काम अडलं का. तिन्हींपैकी दोन उत्तरं हो आली तर मायग्रेनची शक्यता बरीच. तिसऱ्या प्रश्नाला मी आधी 'नाही' म्हणालो होतो. बायको शेजारी बसली होती, तिने मागच्या दोन महिन्यांतले चार दिवस तिथल्या तिथे मोजून दाखवले. जमलं तर घरच्या माणसाला सोबत न्या.

कणाकणाने | बुधवार, सकाळी ११.२०

मी फिजिओथेरपिस्ट. मानेबद्दल विचारलं आहे, तर त्या बाजूचं लिहितो.

मानेच्या वरच्या तीन सांध्यांकडून येणाऱ्या नसा आणि चेहऱ्याची ती ट्रायजेमिनल नस मेंदूच्या बुंध्याजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन गल्ल्यांतली पत्रं एकाच पेटीत पडावीत तसं. मेंदूला पत्र कळतं, पण ते कुठल्या गल्लीतून आलं ते नेहमी नीट कळत नाही. म्हणून मानेतलं दुखणं डोळ्यामागे जाणवतं आणि मायग्रेन सुरू होताना मान आखडते. मायग्रेनच्या रुग्णांना रोज नोंदी करायला लावलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मळमळीपेक्षाही मानदुखी जास्त वेळा आढळली. मळमळ आपण मायग्रेनची खूण मानतो, मान मात्र उशीच्या नावावर टाकतो.

तर मान हे कारण असू शकतं आणि मान हे लक्षणही असू शकतं. फरक कसा करायचा? मानेतून उगम पावणाऱ्या डोकेदुखीत दुखणं बहुधा एकाच बाजूला राहतं, मागून सुरू होऊन पुढे येतं आणि मान विशिष्ट दिशेला वळवली किंवा एका स्थितीत खूप वेळ ठेवली की वाढतं. मान वळण्याची मर्यादा खरोखर कमी झालेली असते. आम्ही रुग्णाला पाठीवर झोपवतो, हनुवटी छातीकडे पूर्ण नेतो आणि त्या स्थितीत डोकं दोन्हीकडे वळवून पाहतो. साधारण ४५ अंशांपर्यंत वळायला हवं. दुखऱ्या बाजूला स्पष्ट अडलं तर पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधल्या सांध्याकडे बोट जातं. हे घरी स्वतः करू नका, आणि कोणाकडून करवूनही घेऊ नका.

उलट मान आखडते पण दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत अगदी मोकळी असते, वळते, दुखत नाही, तर ती झटक्याचाच भाग असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मानेला नुसतं चोळून फारसं हाती लागत नाही. शांतवेळ, तुमची मान इतर दिवशी कशी असते?

शांतवेळ | बुधवार, दुपारी १.००

आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट पाहिलं. डावीकडे पूर्ण वळते. उजवीकडे शेवटी थोडी ताणते, पण दुखत नाही. मात्र सहा तास लॅपटॉपवर बसून उठले की खांद्यापासून वर दगड ठेवल्यासारखं होतं, रोजच.

कणाकणाने | बुधवार, रात्री ८.४५

म्हणजे थोडं दोन्ही असू शकतं, आणि तसं असणं खूप सामान्य आहे. थकलेली मान मायग्रेनच्या झटक्याला वाट करून देते.

डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. ते खांद्यांच्या सरळ वर असेल तर मणके ते सहज पेलतात, चार बोटं पुढे आलं की मागचे स्नायू दिवसभर ओढून धरतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणा, लॅपटॉप उंच ठेवून कीबोर्ड वेगळा घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर अर्ध्या तासाने उठा. आदर्श बैठक म्हणून काही नसतं, एकाच बैठकीत अडकून राहणं वाईट.

व्यायाम एकच सांगतो, पण तो नीट करा. पाठीवर झोपा, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी. 'हो' म्हणताना मान जेवढी हलते तेवढीच, अगदी हलकेच, हनुवटी गळ्याकडे घ्या. डोकं उचलायचं नाही. एक हात गळ्यावर ठेवा. तिथले मोठे स्नायू दोरीसारखे ताठ झाले तर जोर जास्त लागतोय, कमी करा. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा. काहीच केल्यासारखं वाटणार नाही, म्हणून लोक तीन दिवसांत सोडून देतात. मानेतून येणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवडे असे कमी जोराचे व्यायाम केलेल्यांना १२ महिन्यांनंतरही फायदा टिकलेला दिसला.

आणि एक कळकळीची विनंती. मान कडकन मोडून घेऊ नका, विशेषतः दुखणं नवीन असेल तर. मानेतल्या धमन्यांच्या भिंतीला क्वचित चीर जाते आणि त्याची सुरुवात नेमकी मानदुखी आणि डोकेदुखीनेच होते.

पहाटतारा | गुरुवार, पहाटे ५.३०

गोळ्यांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून माझं सांगते.

मीही 'सायनस'साठी सर्दी-डोकेदुखीची एकत्र गोळी घ्यायचे. आधी आठवड्यातून एक, मग दोन, मग रोज सकाळी उठल्याबरोबर, कारण न घेतली तर दुखेल ही भीती. दोन वर्षांनी असा एकही दिवस उरला नाही की डोकं दुखत नाही. न्यूरॉलॉजिस्टनी माझ्यासमोर कॅलेंडर ठेवलं आणि गोळी घेतलेल्या दिवसांवर फुल्या मारायला सांगितलं. महिन्यात २३ फुल्या झाल्या. ते म्हणाले, आता गोळीच डोकं दुखवते आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या वेदनाशामकांचे महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि एकत्रित गोळ्या, ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका थांबवणारी औषधं) किंवा अफूजन्य औषधांचे १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की हे होऊ शकतं.

त्यांच्या देखरेखीखाली बंद केल्या. पहिले नऊ दिवस भयंकर गेले, खोटं सांगत नाही. दहाव्या दिवशी सकाळी उठून खिडकी उघडली आणि उजेड डोळ्यांत खुपला नाही. तो दिवस मला तारखेसकट आठवतो.

नाकाच्या स्प्रेचंही तसंच झालं होतं. नाक मोकळं करणारा स्प्रे मी महिनोन्‌महिने मारत होते.

नासिका | गुरुवार, सकाळी ८.००

@पहाटतारा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन असलेले थेंब किंवा स्प्रे तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे वापरले की औषध उतरताच अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो. स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा. तो ॲलर्जी आणि जुन्या सायनुसायटिससाठी, लगेच गुण देत नाही, रोज वापरून एक-दोन आठवड्यांनी फरक कळतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा, स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे औषध मधल्या पडद्यावर आदळून रक्त येत नाही.

सर्दीच्या एकत्रित गोळ्यांची वेष्टनं वाचा. बहुतेकांत पॅरासिटामॉल असतं. वर वेगळी तापाची गोळी घेतली की नकळत दुप्पट होतं. निरोगी प्रौढ माणसालाही २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही, यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहून कमी. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, ज्यांना तो त्रास आहे त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मृगजळ_नाही | गुरुवार, दुपारी १२.१५

नाक धुण्याबद्दल विचारायचं होतं. मला त्याने खरंच बरं वाटतं. नळाचं पाणी गाळून घेतलं तर चालतं ना?

नासिका | गुरुवार, दुपारी १.५०

नाही. यात तडजोड नको. पाणी ३ ते ५ मिनिटं खळखळून उकळून कोमट केलेलं, किंवा निर्जंतुक, किंवा डिस्टिल्ड. प्यायला चालतं ते नाकाला चालतंच असं नाही. पोटातलं आम्ल जे मारतं ते नाकात मरत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा नेग्लेरिया नावाच्या अमीबाने मेंदूला संसर्ग होऊन मृत्यू झाला. फार दुर्मीळ आहे, पण उकळणं सोपं आहे. पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा (चहाचा) चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. भांडं दर वेळी धुऊन कोरडं करायचं. सर्दी, ॲलर्जी, सायनुसायटिस यांत याने आराम पडतो. मायग्रेन याने थांबणार नाही.

वाफेने क्षणभर मोकळं वाटतं, तेवढंच. उकळत्या भांड्यावर डोकं धरून बसू नका, लहान मुलांना तर मुळीच बसवू नका. भाजलेल्या मुलांची आठवण अजून जात नाही.

अबोली_रंग | गुरुवार, रात्री १०.२०

माझ्या आईचं सांगते. वय ६८. आयुष्यात तिचं कधी डोकं दुखलं नव्हतं. कानशिलाजवळ दुखायला लागलं, मान-खांदे सकाळी जखडायचे. आम्ही सर्दी धरून वाफ देत राहिलो. मग एकदा केस विंचरताना ती म्हणाली, कंगवा लागला तरी दुखतंय. जेवताना चार घास चावले की जबडा दमायचा, थांबायची, पुन्हा चावायची. दात नीट बसत नसतील असं आम्हाला वाटलं. एका ओळखीच्या नर्सने हे ऐकलं आणि आत्ताच्या आत्ता निघा म्हणाली. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज होती, जायंट सेल आर्टरायटिस. रक्ताचा ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी चाचणी, खूप वाढलेला. त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केलं, नाहीतर दृष्टी जाऊ शकते असं सांगितलं. डोळे वाचले. आम्ही तीन आठवडे वाफ देत बसलो होतो, ते मनातून जात नाही.

नासिका | गुरुवार, रात्री ११.००

@अबोली_रंग, वेळेत पोचलात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी कधीच साधी धरायची नाही, हे तुमच्या आईच्या गोष्टीतून वाचणाऱ्यांच्या लक्षात राहील.

धोक्याची बाकीची लक्षणंही एकदा सांगून टाकते. सेकंदा-मिनिटात कळस गाठणारं, आयुष्यातलं सर्वांत भयंकर डोकं दुखणं. ताप आणि हनुवटी छातीला न लागण्याइतकी ताठ मान. हात-पाय किंवा चेहरा एका बाजूला लुळा पडणं, बोलणं अडखळणं, गोंधळ, फीट, दोन-दोन दिसणं. सायनुसायटिसमध्ये डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे येणं किंवा कपाळावर मऊ फुगवटा. लाल दुखरा डोळा, दिव्याभोवती वलयं आणि उलट्या, ही काचबिंदूची तातडी. अचानक मान दुखून एका डोळ्याची पापणी उतरणं. यातलं काहीही असेल तर धागा बंद करा आणि तातडीच्या विभागात जा. डोक्याला मार लागल्यानंतरचं, खोकल्याने किंवा आडवं झाल्यावर वाढणारं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेलं, कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचं दुखणंही लगेच दाखवायचं.

शांतवेळ | सात आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ९.३०

तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून वही ठेवली. न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आले. निदान मायग्रेन, सोबत मानेचा ताण.

वहीतलं एक पान जसंच्या तसं: 'बुधवार. दुपारी ३ पासून जांभया, ११ तरी. मान उजवीकडे जड. कारण नसताना मुलावर ओरडले. रात्री ८ ला नाक उजवीकडे बंद. गुरुवार पहाटे ४.३०, दुखणं ७/१०. गोळी ६ ला, उशीर झाला. पाळीचा आदला दिवस.'

ती शेवटची ओळ मी नुसतीच लिहून ठेवली होती. सात आठवड्यांत नऊ दिवस दुखलं, त्यातले पाच पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतचे. डॉक्टरांनी वही उलटी करून मला दाखवलं. त्या दिवसांत शरीरातलं इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि तेवढ्याने झटका येऊ शकतो. सात वर्षांत मला हे दिसलं नव्हतं, कारण मी नाकाकडे पाहत होते. उरलेल्यांपैकी तीन दिवस आदल्या रात्रीची झोप मोडल्यानंतरचे. एकाचं कारण सापडलं नाही.

त्यांनी झटक्यासाठी ट्रिप्टान दिलं आहे, दुखणं सुरू होताच घ्यायचं, महिन्यातून नऊ दिवसांच्या वर नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना हे औषध चालत नाही, म्हणून माझं पाहून कोणी घेऊ नका. मागच्या दोन्ही वेळी लवकर घेतलं आणि दीड तासात उठून बसले. पहाटेचा तो अंगठा आला, पण रोवून बसला नाही.

मानेचा व्यायाम रोज करते. संध्याकाळचा खांद्यावरचा दगड निम्मा झालाय. एकच विचारायचं होतं. जांभया सुरू झाल्या, मान जड व्हायला लागली की त्याच वेळी व्यायाम केला तर झटका थोपवता येईल का?

कणाकणाने | रविवार, सकाळी १०.५०

तुमची नऊ दिवसांची मांडणी वाचून फार बरं वाटलं.

नाही, त्या वेळी नको. मान तेव्हा हळवी झालेली असते, जोर दिला तर ठणका लवकर सुरू होतो. जांभया लागल्या की स्क्रीन बंद करा, पाणी प्या, जेवण चुकवू नका, मानेला हवं तर गरम किंवा थंड शेक द्या, जे बरं वाटेल ते. गोळी उशाशी ठेवा. झटका पूर्ण उतरला की दुसऱ्या दिवशी पाच वेळांनी सुरुवात करा, तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा.

शांतवेळ | रविवार, सकाळी ११.०५

ठीक. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते.